हिमालयातील हिम आणि मृगाचा पाऊस

पौष महिन्याचे दिवस. बालाघाटच्या पठारावर ज्वारीची कणसे दाण्यांनी भरू लागली आहेत. बांधावर हुरड्याची आगटी पेटली आहे आणि माळ्यावर उभा असलेला राखणदार गोफण फिरवून पाखरे हाकीत आहे. मधूनच तो हात थांबवून आकाशाकडे पाहतो. थंडी पडावी, दव पडावे, ज्वारीला ते मानवते. परंतु अवेळी ढग दाटून आले, तर त्याच्या काळजाचा ठोका चुकतो. बीड जिल्ह्यात हिम कधी पडत नाही. पण हिवाळा सरता सरता गारा मात्र पडतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस व मार्च महिन्यात मराठवाड्यात अशीच मोठी गारपीट झाली. हाताशी आलेली ज्वारी आणि गहू आडवे झाले, फळबागा झोडपून निघाल्या.

याच थंडीच्या दिवसांत, बीडपासून तेराशे किलोमीटरांहून अधिक दूर, हिमालयाच्या कुशीतील माणसेही आकाशाकडे डोळे लावून बसलेली असतात. पण त्यांची इच्छा वेगळी असते. त्यांना हिम हवे असते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला 'चिल्लई कलान' असे म्हणतात. या काळात डोंगरांवर भरपूर हिम साचले, म्हणजे उन्हाळ्यात ते हळूहळू वितळून ओढ्यानाल्यांना पाणी पुरविते. सफरचंदाच्या झाडांनाही कडक थंडी लागते. ती मिळाली नाही, तर बहर नीट धरत नाही. म्हणून पश्चिमेकडून करडे ढग येताना दिसले, की तेथील शेतकरी हर्षित होतो. बीडचा शेतकरी मृगाच्या सरींची जशी वाट पाहतो, तशीच तो हिमाची वाट पाहतो.

हे ढग येतात कोठून? हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने वाऱ्यांची मोठमोठी आवर्तने पूर्वेकडे सरकत येतात. त्यांना 'पश्चिमी झंझावात' असे नाव आहे. ती हिमालयावर पोहोचली, की तेथे हिमवर्षाव होतो. कधी कधी त्यांचा प्रभाव दक्षिणेकडे पसरतो. बंगालच्या उपसागरावरून वा अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा त्यांना मिळते आणि महाराष्ट्रातही गडगडाट होऊन गारा कोसळतात. एकाच आकाशाखाली एकाचा आनंद आणि दुसऱ्याची चिंता अशा रीतीने एकमेकांशी जोडलेली असतात.

परंतु हिमालयातील हिमाचा आणि बीडच्या पावसाचा याहून मोठा संबंध असू शकेल, असा विचार सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाच्या मनात आला. त्यांचे नाव हेन्री ब्लॅनफर्ड. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आदळले होते. १८६६ व १८७१ या वर्षी पावसाने दगा दिला होता. या आपत्तींनंतर १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी दक्षिण भारतावर दुष्काळाची छाया पडली. १८७६ ते १८७८ या काळात मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर आणि निजामाचे हैदराबाद राज्य या सर्वांना त्याची झळ लागली. आजचा बीड जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यातच होता. लाखो माणसे अन्नावाचून मेली. पाऊस येणार की नाही, हे आधी कळले असते तर धान्य साठविता आले असते, या जाणिवेने सरकारने ब्लॅनफर्ड यांना पावसाचा अंदाज बांधण्यास सांगितले.

त्या काळी उपग्रह नव्हते, गणकयंत्रेही नव्हती. ब्लॅनफर्ड यांच्याजवळ होत्या केवळ नोंदी. हिमालयाच्या डोंगराळ भागातील अधिकारी कोणत्या डोंगरावर किती हिम पडले, कोणती खिंड केव्हा बंद झाली, हिम केव्हा वितळले, हे लिहून पाठवीत. त्या नोंदी पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहताना ब्लॅनफर्ड यांना असे आढळले, की ज्या वर्षी हिवाळ्यात व वसंतात हिमालयात फार हिम पडते, त्या वर्षी पुढचा पाऊस बहुधा कमी पडतो. १८८४ साली त्यांनी हा विचार एका निबंधात मांडला.

याचे कारण समजण्यास अवघड नाही. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरील दमट वारे तिची जागा घेण्यासाठी धाव घेतात. हेच आपले पावसाळी वारे. पण डोंगरांवर हिमाचा जाड थर असेल तर काय होईल? चुन्याने रंगविलेली भिंत जसे ऊन परतवून लावते, तसे पांढरे हिम सूर्याचे किरण परत पाठविते. शिवाय हिम वितळण्यातही पुष्कळ उष्णता खर्च होते. भांड्यात बर्फाचा खडा शिल्लक असेपर्यंत चुलीवरचे पाणी फारसे तापत नाही, हे कोणालाही पाहता येईल. जमीन उशिरा तापली, म्हणजे वाऱ्यांची ओढही कमी होते. असा हा तर्क होता.

ब्लॅनफर्ड यांनी १८८२ पासून प्रायोगिक अंदाज दिले आणि १८८६ च्या ४ जून रोजी, मृगाच्या तोंडावर, भारतातील पावसाचा पहिला नियमित दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला. डोंगरावरच्या हिमावरून मैदानातील पावसाचे भाकीत करण्याचा तो एक धाडसी प्रयत्न होता.

पण निसर्ग एका सूत्रात बांधला जात नाही. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर जॉन एलियट हे खात्याचे प्रमुख झाले. १८९९ साली त्यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि प्रत्यक्षात देशावर भीषण दुष्काळ कोसळला. लोकांनी खात्यावर कडक टीका केली. अशा वेळी अंदाज बांधण्याचे काम सोडून देणे सोपे होते. परंतु ते कोणी सोडले नाही. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिताचे विद्वान या खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी विचारले, की केवळ हिमाकडेच का पाहावे? त्यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतील नोंदी मागविल्या. हिमालयातील हिमाच्या जोडीला मॉरिशस व दक्षिण अमेरिका येथील हवेचा दाब आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबारचा पाऊसही त्यांनी विचारात घेतला. अनेक भारतीय कारकून त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे हाताने आकडेमोड करीत होते.

त्या आकड्यांतून वॉकर यांना एक आश्चर्य गवसले. प्रशांत महासागरावरील हवेचा दाब वाढला, की हिंदी महासागरावरील दाब उतरतो आणि याउलटही घडते; जणू एकाच तराजूची ती दोन पारडी! या आंदोलनाचा आपल्या पावसाशी जवळचा संबंध आहे. प्रशांत महासागराचे पूर्वेकडील पाणी नेहमीपेक्षा अधिक तापते, तेव्हा त्या स्थितीला 'एल निनो' म्हणतात. १९७२ साली आणि २०१५ साली एल निनो होता आणि या दोन्ही वर्षी मराठवाड्याने दुष्काळ सोसला. मात्र १९९७ साली मोठा एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका पडला. अर्थात हे सूत्रही अपुरेच ठरले.

१९२८ साली हवामान खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले. तरी पुण्याच्या शिवाजीनगरातील त्या कचेरीला लोक आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. हिमालयाची ही एक आठवण महाराष्ट्राच्या भूमीत अशी रुजली आहे. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने पावसाच्या अंदाजाची नवी पद्धत सुरू झाली. तिच्यात १६ घटक होते आणि त्यांत हिमालयातील हिमालाही स्थान होते. अनेक वर्षे ती उपयोगी पडली. परंतु २००२ च्या जुलै महिन्यात देशात सरासरीच्या सुमारे निम्माच पाऊस पडला आणि त्या अवर्षणाची पूर्वसूचना तिला देता आली नाही. पुन्हा चूक मान्य केली गेली, पुन्हा पद्धत बदलली गेली. आता उपग्रह हिमाचा विस्तार आकाशातून मोजतात, महासंगणक गणिते करतात आणि एप्रिल महिन्यात पहिला अंदाज जाहीर होतो. तरीही शास्त्रज्ञ 'असे होईलच' असे म्हणत नाहीत. 'असे होण्याचा संभव इतका आहे' असे म्हणतात. ही त्यांची दुर्बलता नव्हे, हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे.

एप्रिलमध्ये हा अंदाज ऐकणारी माणसे बीड जिल्ह्यात घरोघरी आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेली कुटुंबे पावसाळ्यापूर्वी गावी परततात. हाती आलेल्या पैशांतून बियाणे घ्यावयाचे असते. पहिल्या सरीवर पेरावे आणि नंतर पावसाने ओढ द्यावी, म्हणजे बियाणे मातीत जाते आणि दुबार पेरणीचे संकट ओढवते. साऱ्या देशाचा पाऊस सरासरीइतका होईल, एवढ्याने या कुटुंबाचा प्रश्न सुटत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या या जिल्ह्यात एका गावी सर येते आणि शेजारचे गाव कोरडे राहते. त्यासाठी गावोगावच्या नोंदी हव्यात.

अशी नोंद ठेवण्यास फार मोठे साहित्य लागत नाही. पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर १ लिटर पाणी. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक असावा, एक वही असावी आणि कोरड्या दिवशीही तिच्यात शून्य लिहिण्याचा कोणी कंटाळा करू नये. कारण हिमालयाच्या खिंडीत थंडीने हात गारठले असतानाही कोणी तरी 'आज हिम पडले नाही' असे लिहून ठेवले होते, म्हणूनच ब्लॅनफर्ड यांना पुढचा विचार सुचला.

आकाशाकडे पाहून वाट पाहणे हे सर्वांनाच येते. माळ्यावरचा राखणदार वाट पाहतो, काश्मीरचा बागाईतदारही पाहतो. पण जे पाहिले ते लिहून ठेवणे, जे लिहिले ते इतरांच्या नोंदींशी ताडून पाहणे आणि चूक झाली तर ती मान्य करून पुन्हा आरंभ करणे, यालाच शास्त्र म्हणतात. मृगाचा पाऊस केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही; परंतु त्याची खरी नोंद ठेवणे हे बालाघाटावरील लहानशा शाळेतील मुलामुलींच्याही हाती आहे.

अभ्यास

१. हिमाची वाट पाहणारा काश्मीरचा शेतकरी आणि ढगांना भिणारा बीडचा शेतकरी यांच्या मनःस्थितीतील फरक सांगा.
२. अधिक हिम पडल्यास पाऊस कमी पडेल, असे ब्लॅनफर्ड यांना का वाटले?
३. १८९९ व २००२ या वर्षी काय घडले? त्यानंतर शास्त्रज्ञांनी काय केले?
४. 'कोरड्या दिवशीही शून्य लिहिण्याचा कंटाळा करू नये', असे का म्हटले आहे?
५. वाक्यांत उपयोग करा : काळजाचा ठोका चुकणे, डोळे लावून बसणे, ओढ देणे, झळ लागणे.