रोगसंकेतांकांचा क्रम : पहिली ओळ कोणाची?

अहवालातील रोगनिहाय तक्त्याकडे आमचे देणगीदार व विश्वस्त आवर्जून पाहतात; तो तयार कसा होतो, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. रुग्ण घरी गेल्यावर त्याचे केसपेपर रेकॉर्ड विभागात येतात. तेथे डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक निदानास जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार, म्हणजे आयसीडी-१० नुसार, संकेतांक दिला जातो. एका रुग्णास चार-पाच संकेतांक सहज लागतात. तक्त्यात मात्र पहिलाच मोजला जातो. रक्कम बरोबर पण खाते चुकीचे, अशी नोंद ताळेबंदास जशी अखेरपर्यंत छळते, तसेच येथे क्रम चुकल्यास होते.

पहिले स्थान कोणास द्यावयाचे? उपचारांच्या अखेरीस, सर्व तपासण्या हाती आल्यावर, ज्या व्याधीमुळे रुग्णास प्रामुख्याने उपचारांची गरज भासली असे ठरते, तिला. अशा एकाहून अधिक व्याधी असल्यास, जिच्यासाठी सर्वाधिक साधनसामग्री लागली ती प्रथम. रोगाची ज्येष्ठता येथे चालत नाही. वीस वर्षांचा मधुमेह असलेल्या आजी घसरून पडल्या व खुब्याचे हाड मोडले, तर अस्थिभंगाचा एस ७२.० आधी, मधुमेह नंतर. पडण्याचा प्रकार सांगणारा संकेतांकही लिहावयाचा, परंतु त्यास पहिले स्थान कधीच नाही. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णास हृदयविकाराचा झटका आल्याचे सिद्ध झाले, की 'छातीत दुखणे' मागे पडते. कारण सापडलेच नाही तर लक्षणच पहिले राहते. ते तसेच राहू द्यावे, अंदाजाने मोठा रोग लिहू नये.

क्षयामुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहास दोन संकेतांक आहेत. ए १७.० यास खंजिराचे चिन्ह असते. तो मूळ रोग सांगतो. जी ०१ तारांकित आहे. रोग शरीरात कोठे प्रकटला, ते तो दर्शवितो. तारांकित संकेतांक एकटा वापरता येत नाही. तो वर गेला, तर हा रुग्ण क्षयरुग्णांच्या गणतीतूनच निसटतो, आणि क्षयरुग्णांसाठी आलेल्या देणगीचा लाभ किती जणांस झाला, याचा हिशेब खोटा पडतो. (१ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत ही चिन्हे नाहीत, तेथे संकेतांक एकमेकांस जोडून लिहितात.)

विमा व शासकीय योजनांमुळे एक मोह उत्पन्न होतो : ज्या आजाराचे पॅकेज मोठे, तो वर लिहावा. क्रम केसपेपरवरून ठरतो, बिलावरून नव्हे. अशी अदलाबदल आम्ही खोटी नोंदच मानतो. शिवाय केसपेपर एक सांगतो व दावा दुसरेच, असे आढळल्यास दावा अडतो आणि खेटे रुग्णाच्या मुलास घालावे लागतात.

रेकॉर्ड विभागातील कर्मचारी निदान ठरवीत नाहीत; डॉक्टरांनी नुसतेच 'ताप' लिहिले, तर त्यांस तापाचाच संकेतांक द्यावा लागतो, अथवा केसपेपर खुलाशासाठी परत पाठवावा लागतो. म्हणून नातेवाइकांस आमची विनंती आहे, की डिस्चार्ज कार्ड हाती घेताना मुख्य आजार कोणता लिहिला आहे, ते डॉक्टरांस विचारून घ्यावे. शंका असल्यास रुग्ण घरी नेण्यापूर्वीच सांगावे. दावा दाखल झाल्यानंतर दुरुस्ती करणे फार जिकिरीचे होते.