उतरवलेलं परत मिळतं, सुचलेलं नाही

पीएच.डी.ला नाव नोंदवलं की घरचे, शेजारचे, कॉलेजातले सगळे एकच विचारतात, "विषय काय?" टाचणं कशी काढता आणि ठेवता कुठं, हे कोणी विचारत नाही. एम.ए. झालेल्या माणसाला एवढं येतच असणार, असं गाइडही धरून चालतात. पण एम.ए.पर्यंतची टाचणं परीक्षेपुरती असतात. पेपर झाला की रद्दीत गेली तरी काही बिघडत नाही. संशोधनाची टाचणं तीन-चार वर्षांनी वाचायची असतात, आणि तेव्हा ती कोणत्या धुंदीत, कशासाठी लिहिली होती हे आपल्यालाच आठवत नसतं. हा धडा मला नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या पाण्यानं दिला.

माझा विषय होता पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. १९५१मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, गेली, तलाव सरकारकडं आले, आणि गाळ काढायचा कोणी, पाळ बांधायची कोणी, याचा जो घोळ सुरू झाला त्याचा इतिहास मी लिहीत होते. राहायला नागपूरच्या डागा लेआउटमध्ये, तळमजल्यावर. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तलावांवर संशोधन करणारीच्या खोलीत तलावच राहायला आला, हा विनोद मैत्रिणींनी पुढं बरेच दिवस पुरवला. त्या पहाटे मात्र घरमालक काका गुडघाभर पाण्यातून ओरडत होते, "आधी मेन स्विच बंद कर वं बाई, पुस्तकायचं मंग पाहू!"

पाणी ओसरल्यावर वह्या वाळवायला घेतल्या. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगते: चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, फाटतात. वही उभी करून पाणी निथळू द्या, पानांमध्ये कोरे कागद घाला, ओले झाले की बदला, आणि पंख्याखाली वाळवा. वर्तमानपत्र घातलं तर त्याची शाई आपल्या पानावर उतरते. कडक उन्हात कागद आकसतो. आणि हे सगळं लगेच करायचं, कारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते.

वाळवताना एक गंमत दिसली. अभिलेखागारात बसून काढलेली टाचणं चिखलानं माखली होती, पण बहुतेक अक्षर शाबूत होतं. जुन्या कागदांना डाग पडू नयेत म्हणून तिथं शाईचं पेन चालत नाही, पेन्सिलीनंच लिहावं लागतं, आणि पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. बॉलपेनचं लिखाणही बहुतेक टिकलं. पार धुऊन गेलं ते जेल पेनचं. जेल पेनची वही कोणती, तर रात्री घरी बसून मी जिच्यात विचार लिहायची ती. कोणत्या दोन कागदांत विसंगती आहे, कोणता प्रश्न कोणाला विचारायचा आहे, चौथ्या प्रकरणाचा रोख काय असावा, असं सगळं. त्या वहीत उरली ती फिकट निळी पानं.

पुढचे काही महिने मी पुन्हा अभिलेखागाराच्या पायऱ्या चढले. खराब झालेले उतारे एकेक करून परत मिळाले, कारण प्रत्येकावर विभाग, फाइल क्रमांक आणि साल होतं. कागद आपल्या जागी होता, मी पुन्हा जाऊन उतरवला. पण निळ्या वहीतलं काही कुठल्याही कपाटात नव्हतं. ते फक्त एकदा, एका रात्री, दोन कागद शेजारी ठेवल्यावर सुचलं होतं. आपण बहुतेकजण नेमकं उलटं वागतो. उतारे पक्क्या वहीत, सुवाच्य अक्षरात घेतो, आणि सुचलेलं बसच्या तिकिटामागं किंवा झेरॉक्सच्या कडेला खरडतो. खरं तर जे जगात एकाच ठिकाणी आहे, ते जपायचं असतं.

नोंदीचे चार कप्पे

मूळ मजकूर आणि आपलं म्हणणं वेगळं ठेवण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण नागपुरातलंच आहे. मॉरिस कॉलेजात शिकवून गेलेले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा खंड १९६३ साली निघाला. तुमचा विषय रसायनशास्त्र असला तरी तो एकदा ग्रंथालयातून काढून चाळा. आधी लेख कुठं सापडला, पत्रे किती, सध्या कुठं आहे, लिपी कोणती, हे येतं. मग मूळ पाठ, ओळींचे क्रमांक देऊन. मग भाषांतर. संपादकाला एखादं अक्षर वेगळं वाचावंसं वाटलं तर ते तळटीपेत. मूळ कुठं संपतं आणि मिराशी कुठं सुरू होतात, याबद्दल वाचकाला कधीच शंका पडत नाही.

आपली नोंदही अशीच असावी. पाण्यानंतर माझी एक नोंद साधारण अशी दिसू लागली. सगळ्यात वर पत्ता: गावाचं नाव, तहसील, महसुली बंदोबस्ताचं साल, कागदाचा प्रकार (वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटींची नोंद), कुठं पाहिला, कोणत्या तारखेला, पान कितवं. त्याखाली उतारा, जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत, मूळच्या चुकांसकट. त्याखाली माझ्या शब्दांत अर्थ, दोन ओळींत. आणि शेवटी चौकट करून 'माझं': "दुरुस्ती मालगुजारानं करायची म्हटलंय, पण माती वाहायची कोणी ते नाही. पाणी गावाचं, मग मासे कोणाचे? याच गावाचं निस्तार पत्रक पाहा." ही शेवटची चौकट रिकामी राहिली तर समजावं की आपण फक्त नकलनवीस झालो आहोत.

हे कप्पे वेगळे ठेवण्याला एक रोकडं कारणही आहे. वाङ्मयचौर्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत. प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत आढळलं तर ठरलेल्या मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही आणि ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. यात अडकणारे सगळेच चोर नसतात. अनेकदा चार वर्षांपूर्वी वहीत उतरवलेलं, अवतरणचिन्ह नसलेलं एखादं झकास वाक्य आपलंच वाटतं आणि प्रबंधात जातं. आधार देऊन अवतरणात घेतलेला मजकूर या हिशोबातून वगळला जातो. म्हणजे वहीतलं एक चिन्ह पुढं केवढं संकट टाळतं पाहा.

वह्या पुस्तकांच्या नकोत, प्रश्नांच्या हव्यात

एक पुस्तक, एक वही, ही आपली शाळेपासूनची सवय. वाचताना ती बरी वाटते, लिहायला बसलं की अंगावर येते. कारण प्रकरण पुस्तकावर नसतं, प्रश्नावर असतं. 'पाण्याच्या वाटपाचे तंटे' हे प्रकरण लिहायचं तर १९०८चं भंडारा गॅझेटिअर, बंदोबस्ताचे अहवाल, मुलाखती आणि कायद्याची पुस्तकं अशा सगळ्या वह्या एकदम पसरून बसावं लागतं.

यावरचा उपाय पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिसतो. तिथं १९४८मध्ये संस्कृत महाकोशाचं काम सुरू झालं. सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तिथं तयार झाल्या. चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातलं ठिकाण. पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं. चिठ्ठी लिहिणारे निवृत्त झाले, काही वारले, तरी चिठ्ठी आजही बोलते, कारण ती एकाच गोष्टीबद्दल आहे आणि तिला पत्ता आहे. सुटी असल्यामुळं ती हव्या त्या शब्दाखाली लावता येते.

आपल्याला कोटीभर चिठ्ठ्या नकोत. सुटे कागद किंवा कार्डं घ्या, एका कार्डावर एकच मुद्दा लिहा, वरच्या कोपऱ्यात प्रश्नाचं नाव. वहीच सोयीची वाटत असेल तर प्रत्येक पानाला क्रमांक द्या आणि पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा. पुढं 'तंटे' या शब्दापुढं वही दोन, पान सतरा, असं लिहीत गेलं की झालं. वही बदलायची गरज नाही, तिच्यात जायचा रस्ता मात्र हवा.

फोन, संगणक आणि आपण

अभिलेखागारात परवानगी मिळाली तर फोटो काढता येतात, आणि इथंच नवा गोंधळ सुरू होतो. घरी आल्यावर फोनमध्ये पाच-सहाशे फोटो, सगळे पिवळे कागद, मध्येच भाचीचा वाढदिवस. म्हणून पहिला फोटो नेहमी फाइलच्या मुखपृष्ठाचा काढा, ज्यावर क्रमांक आणि साल दिसतं. मग क्रमानं पानं, आणि फाइल संपली की एक कोरा कागद ठेवून त्याचा फोटो. त्याच संध्याकाळी ते फोटो फाइलच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. उद्यावर ढकललेलं काम संशोधनात सहसा होत नाही. फोटो म्हणजे टाचण नव्हे, हेही लक्षात असू द्या. फोटो काढला की वाचल्याचं समाधान मिळतं, वाचन मात्र व्हायचंच असतं.

संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा. जॉर्ज मेसन विद्यापीठातून ते २००६ साली निघालं, फुकट आहे आणि त्यात देवनागरी चालते. इंग्रजी लेखांची माहिती ते बऱ्याचदा स्वतः ओढून घेतं, मराठी पुस्तकांची पुष्कळदा हातानं भरावी लागते. ती मुखपृष्ठावरून भरू नका. आतलं शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान उघडा, आवृत्ती, साल, प्रकाशक तिथं असतात. प्रबंध टंकायला गेल्यावर साल शोधण्यासाठी पुन्हा ग्रंथालयात धावणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

हातानं लिहावं की संगणकावर, हा वाद मात्र फार ताणू नये. हातानं लिहिणाऱ्यांना जास्त समजतं, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१४मध्ये काढला होता. पुढं इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. माझ्या मते कळीची गोष्ट एकच: वाचलेलं पुस्तक मिटून आपल्या शब्दांत पाच ओळी लिहिता येतात का? येत असतील तर पेन चालेल, कीबोर्डही चालेल.

तीन प्रती, दोन ठिकाणं

संगणकाची मंडळी एक नियम सांगतात. कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. माझ्याकडं आता एक लॅपटॉपवर, एक क्लाउडवर आणि एक हार्ड डिस्क माहेरी असते. आई ती देवघराच्या कपाटात ठेवते आणि मी गेले की पहिल्यांदा तीच हातात देते. हस्तलिखित वह्यांचे दर महिन्याला फोनवर स्कॅन करा, त्यातही विचारांच्या वहीचे आधी. सगळं संस्थेच्याच ईमेलवर ठेवू नका, पदवीनंतर ते खातं बंद होऊ शकतं. आणि तळमजल्यावर राहत असाल तर वह्या पलंगाखाली नकोत, माळ्यावर ठेवा.

हे करायला वेळ कुठून आणायचा, असं तासिका तत्त्वावर शिकवणारे मित्र विचारतात, आणि त्यांचं खरं आहे. दोन कॉलेजांत तास, घर, शिवाय संशोधन. त्यांना मी एवढंच सांगते की वाचायचा वेळ थोडा कमी करा, पण वाचन संपल्यावरची पंधरा मिनिटं सोडू नका. त्या पंधरा मिनिटांत 'माझं'ची चौकट भरायची. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढं प्रगती मांडावीच लागते. तो अहवाल शेवटच्या रात्री उरकण्याऐवजी त्या निमित्तानं सहा महिन्यांच्या चौकटी एकदा सलग वाचून काढा. प्रकरणाचा आराखडा तिथंच अर्धा तयार सापडतो.

आणि आपली पद्धत चालते की नाही, हे तपासायचा सोपा उपाय आहे. तुमचा विषय ठाऊक नसलेल्या एखाद्या सहसंशोधकाच्या हाती वही द्या आणि कोणतंही पान उघडायला सांगा. ही माहिती कुठून आली, यातले शब्द कोणाचे आणि यावर तुमचं म्हणणं काय, हे त्याला तुम्हाला न विचारता सांगता आलं पाहिजे. तो जिथं अडेल, तिथं व्हायव्हाला तुम्हीही अडणार आहात.