चौल : एका दिवसाची भेट

इतिहासाच्या तासाला आम्ही अलेक्झांड्रिया, रोम, व्हेनिस ही नावे घोकतो. ती शहरे एकदा पाहावीत असे कोणाला वाटत नाही? पण खिसा चाचपला की बेत तेथेच राहतो. "मग त्या शहरांशी ज्याचे देणेघेणे होते ते गाव तरी पाहा. तिथे एस. टी. जाते," असे आमचे सर म्हणाले आणि इतिहास मंडळाची सहल चौल-रेवदंड्याला ठरली. पेण, वडखळ, अलिबाग करीत रेवदंड्यास उतरेपर्यंत ऊन चढले होते. परतीची गाडी चारची. हाती उणेपुरे पाच तास.

आरंभी निराशाच झाली. तटाच्या दरवाजातून आत शिरलो तो समोर नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, वाळत घातलेली सुपारी. मध्येच एखादी कमान, झाडांनी वेढलेली भिंत. फ्रान्सिस्कन चर्चचा 'सातखणी' मनोरा तेवढा मान वर करून उभा आहे. त्याचेही सातही खण आता शिल्लक नाहीत. "यात पाहायचे काय?" असे माझ्या मित्राने विचारले, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते.

उत्तर डोळ्यांपुढे नव्हते, ते ग्रंथांत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासवर्णनात कल्याणनंतरच्या बंदरांत 'सेमिल्ला' हे नाव येते. दुसऱ्या शतकातला टॉलेमी अलेक्झांड्रियात बसून 'सिमिल्ला' लिहितो, आणि तिथले लोक या गावाला 'तिमुला' म्हणतात हेही नोंदवतो. कान्हेरीच्या शिलालेखांतले 'चेमुल' ते हेच. डेक्कन कॉलेजच्या डॉ. विश्वास गोगटे यांच्या संशोधनातून इथल्या सातवाहनकालीन वस्तीचे पुरावे पुढे आले. तांबडे पोवळे हे तर भूमध्य समुद्रातलेच. भडोच बंदरात ते उतरत असल्याचे 'पेरिप्लस' सांगतो. माझ्या आजीच्या गळ्यातल्या पोवळ्याकडे मी त्यानंतर निराळ्या नजरेने पाहू लागलो, हे जाता जाता सांगतो.

पुढे अरबांनी याला 'सैमूर' म्हटले. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी येथे येऊन गेला. रशियन व्यापारी अफानासी निकितिन सुमारे १४६९ मध्ये घोडा घेऊन येथेच उतरला असे मानतात. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. पण मला सर्वांत विलक्षण वाटली ती १५०८ ची लढाई. पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून आले आणि मिरीचा व्यापार त्यांनी अडवला. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे उत्पन्न बुडू लागले, अलेक्झांड्रियात मिरी विकत घेणाऱ्या व्हेनिसच्या पोटात गोळा आला. सुलतानाचे आरमार सुवेझहून निघाले, गुजरातचा मलिक अयाझ त्याला मिळाला, आणि चौलच्या खाडीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. भूमध्य समुद्राकाठच्या बाजारभावासाठी माणसे आपल्या कुंडलिकेच्या मुखाशी मेली! पुढे पोर्तुगीजांनी येथे ठाणे बसवले, ते १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. समोर कोर्लईच्या गडाखाली आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची एक बोली बोलली जाते. तिकडे जाण्यास वेळ उरला नाही. रामेश्वराचे देऊळ आणि पुढची पुष्करणी मात्र धावतपळत पाहिली. पाण्यात पाय बुडवून शिदोरी खाल्ली.

आता आमच्या गावाविषयी. किनाऱ्यावरचा माल घाटावर चढे त्या वाटांपैकी एक बोरघाटाची, असे अभ्यासक मानतात. घाटमाथ्यावर कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिल्याचे लेख आहेत. साजगाव या घाटाच्या पायथ्याशी. आमच्या विठोबाच्या कार्तिकातील जत्रेत घाटावरून घोंगड्या येतात आणि किनाऱ्यावरून सुकी मासळी. त्यामुळे आमचा देव 'बोंबल्या विठोबा' म्हणून ओळखला जातो. कॉलेजात हे नाव मी होता होईतो टाळतो; एकदा हसे झाले आहे. सेमिल्लाचा व्यापार आणि आमची जत्रा यांना जोडणारा सलग पुरावा माझ्यापाशी नाही, तेव्हा तसा दावा मी करीत नाही. पण माल समुद्राकडून घाटाकडे जातो तो आमच्या दारावरून, एवढे खरे.

गाडीची वाट पाहत असता स्टँडजवळ एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. "कुठची रं पोरं तुमी?" सगळे "खोपोली" म्हणाले. मी कसाबसा "साजगाव" म्हणालो.

"बोंबल्या इठोबाचं? अरे, माजी आय जायची जत्रंला बोंबील घेऊन! घोंगडी आनायची येताना."

मित्र हसले. या वेळी मीही हसलो. अर्धा किलो बोंबील घेतले. वासामुळे गाडीत माझ्या शेजारी पेणपर्यंत कोणी बसेना. घरी आजीने पुडी उघडली, एक बोंबील मोडून पाहिला आणि भाव विचारला. सांगितल्यावर म्हणाली, "फसवलं तुला. जत्रेत याहून स्वस्त मिळतात."