मधुमेह : निदान, उपचार आणि नियमित नोंद

मधुमेह हा पावलांचा आवाज न करता घरात शिरणारा आजार आहे. वारंवार लघवी, सतत तहान, थकवा, अकारण घटणारे वजन आणि लवकर न भरणारी जखम ही त्याची परिचित लक्षणे होत. परंतु अनेकांना सुरुवातीची काही वर्षे कोणताच त्रास जाणवत नाही. याच काळात वाढलेली साखर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांना इजा पोहोचवीत असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते. दिल्ली, चेन्नई व कराची येथे २०१०-११ मध्ये झालेल्या अभ्यासात दिल्लीतील जवळजवळ एक चतुर्थांश प्रौढांना मधुमेह आढळला होता.

सडपातळ व्यक्तींनाही धोका

'अंगाने बारीक, म्हणजे मधुमेह नाही' हा समज घातक ठरतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले आणि इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजन निर्देशांक एकच, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती! म्हणूनच भारतीयांनी वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपासून पुढे धोका वाढतो.

निदान

उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेहाचे निदान होते. लक्षणे नसल्यास चाचणी पुन्हा करून खात्री करतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असल्यास ती पूर्वमधुमेहाची अवस्था होय. आहार आणि व्यायाम यांच्या बळावर येथून मागे फिरणे अनेकांना शक्य असते.

या दोन चाचण्यांतील फरक खातेदारांना सहज उमजेल. उपाशीपोटीची साखर ही त्या दिवसाची शिल्लक, तर एचबीए१सी ही मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी शिल्लक. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड वर्ज्य केल्याने ही सरासरी बदलत नाही. रक्तक्षय असल्यास मात्र ती फसवी ठरू शकते. डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी.

उपचार

उपचाराचा पाया आहार आणि व्यायाम हाच आहे. भात-पोळीचे प्रमाण आवरून डाळी, उसळी व भाज्या वाढवाव्यात. आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालावे. राजधानीत हिवाळ्यात हवा अतिदूषित होते. अशा दिवसांत पहाटेच्या धुरक्यात न जाता घरातच व्यायाम करावा, परंतु खंड पडू देऊ नये. औषधांत बहुधा मेटफॉर्मिनने प्रारंभ होतो. इन्सुलिन सुरू होणे म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असे नव्हे. शरीरात जे अपुरे पडते त्याची ती भरपाई आहे. दिल्लीच्या उन्हाळ्यात इन्सुलिन बंद मोटारीत ठेवू नये. उष्णतेने त्याची शक्ती नष्ट होते.

घाम, थरथर आणि गोंधळलेपणा जाणवून साखर ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

नियमित नोंद

एचबीए१सी दर तीन महिन्यांनी, साखर स्थिर असल्यास सहा महिन्यांनी तपासावे. बहुतेकांसाठी ते ७ टक्क्यांखाली असावे. वयोवृद्धांचे उद्दिष्ट डॉक्टर ठरवितात. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन व कोलेस्टेरॉल यांची तपासणी आवश्यक आहे. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा. तळपाय रोज पाहावेत, कारण बधिर पायाला जखम कळत नाही.

साखर आटोक्यात आली की गोळ्या बंद करणे ही सर्वत्र आढळणारी चूक. साखर आटोक्यात असते ती गोळ्यांमुळेच. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध थांबवू नये आणि सर्व अहवाल तारखेनुसार एकाच वहीत जपून ठेवावेत. बदली झाली, डॉक्टर बदलले, तरी ही वही रुग्णाची बाजू अचूक मांडते.