सोपा फुकट, सनबोर्ड दोनशे, फ्लॅश सगळ्यात शेवटी

स्थळासाठी किंवा डोहाळजेवणाचा फोटो घरच्या घरी काढायचा म्हटलं, की लोक आधी मोबाइलवर लाइट शोधायला बसतात. त्याआधी घराचा सोपा बघा. आष्ट्यातल्या जुन्या घरांत अंगणात ऊन आणि सोप्यात सावली असते, तेव्हा दारातून येणारा उजेड मोठा आणि मऊ असतो. विजेआधीचे फोटो स्टुडिओ उत्तरेकडे काचा ठेवत, ते याच उजेडासाठी.

माणसाला उंबऱ्यापासून दोन-तीन फूट आत, दाराशी तिरकं बसवा. चेहरा हळूहळू आत वळवायला सांगा. नाकाची सावली गालाच्या सावलीला टेकते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. तिथं थांबा. याला रेम्ब्रां पद्धत म्हणतात. खर्च शून्य.

सावली फारच काळी वाटली, तर पहिले पैसे पांढऱ्या सनबोर्डवर घाला. फ्लेक्स छापणाऱ्याकडे तीन बाय दोन फुटांचा तुकडा साधारण दीडशे-दोनशेत मिळावा, कापून उरलेला त्याहून स्वस्त. अंधाऱ्या बाजूला चेहऱ्याच्या दीड-दोन फुटांवर धरा, जवळ-लांब करून सावली हवी तेवढी उजळा. उलट, चेहरा करारी दिसायला हवा असेल तर त्याच जागी काळी घोंगडी टांगा. ती उजेड गिळते. भर उन्हात उजेड मऊ करायला डोक्यावर धोतराचं पान ताणून धरता येतं, त्याला मात्र दोन माणसं लागतात. फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर सातशे ते दीड हजारांना येतो. त्याची सोनेरी बाजू चेहऱ्याला हळद लागल्यासारखं करते, ती हळदीच्या कार्यक्रमातसुद्धा नको.

रिंग लाइटवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत. चेहरा सपाट होतो आणि चष्म्यात गोल कडं दिसतं.

रात्रीही काढायचे असतील तर मोबाइलवाल्यांनी एलईडी पॅनेल घ्यावं. छोटं बरं पॅनेल दोन ते चार हजारांत बसतं, सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९५च्या पुढे असावा. साधा कॅमेऱ्याचा फ्लॅश मोबाइलशी जुळत नाही, हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. घरच्या बल्बखाली फोटोत पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून.

कॅमेरा असेल तर साधा मॅन्युअल फ्लॅश अडीच ते चार हजार, ट्रिगर दीड हजाराच्या आसपास, स्टँड हजार, पांढरी छत्री पाचशे. म्हणजे साडेपाच ते सात हजार. चार्जर आणि चार रिचार्जेबल सेल वेगळे, हजार-दीड हजार धराच. फ्लॅश छत्रीतून मारा आणि छत्री जवळ आणा. अंतर दुप्पट झालं की उजेड जवळपास चौथाईवर येतो. अंगणात स्टँडला वाळूची पिशवी बांधा, वाऱ्याची एक झुळूक छत्रीसकट सगळं आडवं करते.

हे भाव अंदाजे आहेत, सांगली-कोल्हापुरात दोन दुकानं फिरून बघा. सेकंडहँड फ्लॅश असेल तर सेलचा कप्पा उघडा. पत्र्यांवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर परत ठेवा. नाहीतर पूर्ण ताकदीवर सलग दहा-पंधरा वेळा मारून बघा, दर वेळी पुन्हा तयार व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. नव्या वस्तूचं पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. दुकानदाराने वॉरंटीला हात वर केले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवताना तेच बिल लागतं.