मनोविकारावरील औषध लिहून देण्याचा अधिकार

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला मंडळ पैनगंगेच्या काठी, महाराष्ट्राच्या सीमेलगत वसले आहे. येथील मराठी भाषिक कुटुंबात कोणी मनोविकाराने ग्रस्त झाल्यास उपचार कोणाकडे घ्यावा, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर ठाऊक नसल्यास मोलाचा काळ वाया जातो.

मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ ही दोन भिन्न पदे होत. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असून त्यास औषध लिहून देता येते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाखाली होते. मनाच्या चाचण्या घेणे, रुग्णाशी संवाद साधून उपचार करणे हे त्याचे क्षेत्र. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०६ अन्वये आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरील औषध सुचविण्यास मनाई आहे.

या मर्यादेमागे कारण आहे. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावल्यानेही उदासीनता येते. ती शरीरतपासणीवाचून ओळखता येत नाही. लिथियमसारखे औषध चालू असता रक्ताची वेळोवेळी तपासणी करावी लागते.

तथापि तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे. अमेरिकेत याच अडचणीपोटी न्यू मेक्सिको राज्याने २००२ मध्ये, तर लुइझियानाने २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञांस हा अधिकार दिला. मात्र न्यू मेक्सिकोत त्यासाठी ४५० तासांचे अध्यापन आणि किमान १०० रुग्णांवरील देखरेखीखालचा अनुभव आवश्यक ठरविण्यात आला.

भारताने निराळा मार्ग स्वीकारला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्याच्या अनुभवावर आधारलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस मनोविकारांचे प्रशिक्षण देऊन औषधोपचार गावाजवळ आणणे, हे त्याचे एक उद्दिष्ट होय. येथे अधिकाराचा विस्तार नसून प्रशिक्षणाचा विस्तार आहे.

औषधाने प्रश्न अर्धाच सुटतो. मनातील व्यथा मातृभाषेतच नीट सांगता येते. यास्तव सीमाभागात मराठी जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे मोल औषधाच्या चिठ्ठीहून कमी नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या विनामूल्य सेवेचा क्रमांक १४४१६ असून ती मराठीतही उपलब्ध आहे.

ग्रामस्थांनी जुनी चिठ्ठी दाखवून औषधे घेऊ नयेत, तसेच बरे वाटताच डॉक्टरांस न विचारता ती बंदही करू नयेत. शिक्षकांनी विद्यार्थ्याच्या वर्तनातील बदल हेरून पालकांस आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. अधिकाऱ्यांनी तेथील औषधांचा पुरवठा खंडित होणार नाही याकडे लक्ष पुरवावे. औषध देणारा आणि ऐकून घेणारा, दोघेही लाभले तरच रुग्ण पुन्हा आपल्या शेतात व संसारात रमू शकेल.