बँकॉकची ट्रिप आणि दुकानाचा माल : दोन वह्या वेगळ्या ठेवा

मागच्या दौंडच्या बॅचमध्ये एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. "सर, आम्ही दोघं बँकॉकला जायचं म्हणतोय. येताना दोन बॅगा माल आणला तर ट्रिपचा खर्च निघेल ना?" वर्गातले निम्मे लोक मान डोलवायला लागले. म्हणजे हा हिशेब बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. व्हिडिओत मी घाईत उत्तर दिलं, इथे आकड्यांसह देतो.

उत्तर आहे, नाही निघणार. हे मी पुस्तकातून सांगत नाही, स्वतः पैसे घालवून शिकलोय.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा गेलो. माझं शिरूरला इमिटेशन ज्वेलरी आणि लेडीज ॲक्सेसरीजचं दुकान आहे. पहिली चूक तारखेची. फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. रांजणगाव एमआयडीसीतल्या पगाराच्या आठवड्यात माझं काउंटर सगळ्यात जास्त चालतं, आणि मी नेमका तेव्हाच दुकानात नव्हतो. दुसरी चूक मोठी. तिथे भाव बघून हात सुटला. एकाच डिझाइनच्या पर्स पाच डझन, वर क्लिपा, बेल्ट, असा मिळून २४ हजारांचा माल भरला. परतीच्या विमानात जादा वजनाचे साडेपाच हजार गेले. आपल्या विमानतळावर बॅग स्कॅनरमधून गेली आणि मला बाजूला घेतलं.

मी म्हटलं, "साहेब, ५० हजारांपर्यंत माफ आहे ना? माझा माल त्याच्या निम्माही नाही." त्यांनी शांतपणे विचारलं, "एकसारख्या साठ पर्स तुमच्या घरी कोण वापरणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबरच होते. ती सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या वापराच्या आणि भेट द्यायच्या वस्तूंना असते, विक्रीच्या मालाला नाही. बॅगेजचा त्या वेळचा दर सेससकट ३८.५ टक्के. पूर्ण २४ हजारांवर ९,२४० रुपये भरले.

आता बेरीज करा. २४,००० अधिक ५,५०० अधिक ९,२४०, म्हणजे ३८,७४० रुपये. तो सगळा माल सात महिन्यांत विकून गल्ल्यात आले ४१ हजार. शिल्लक २,२६० रुपये, आणि त्यात तिकीट, हॉटेल, लग्नसराईत बुडालेला धंदा काहीच धरलेलं नाही. त्यातल्या अर्ध्या क्लिपा तर चिनी बनावटीच्या. तशाच क्लिपा मला पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळाल्या, आणि तिथला माल संध्याकाळच्या एसटीने दुकानात येतो.

म्हणून २०२५ ला दुसऱ्यांदा जाताना मी दोन वह्या केल्या. एक घरच्या ट्रिपची, एक दुकानाची. ट्रिपचा पैसा घरच्या बचतीतून. तो दुकानाच्या खर्चात टाकायचा नाही, जीएसटी क्रेडिटच्या आशेने बिलं गोळा करायची नाहीत. फिरायला गेलात ना, मग तो घरखर्चच आहे.

ट्रिपची वही आधी बघू.

तारीख दुकानाच्या कॅलेंडरवरून काढा. आम्ही आषाढात गेलो. लग्नं नाहीत, गिऱ्हाईक कमी, आणि तिकडे पावसाळा असल्यामुळे तिकिटं-हॉटेलं स्वस्त. पाऊस तासभर धो धो पडतो आणि थांबतो. त्या वेळी मॉलमध्ये शिरायचं, एवढंच.

पासपोर्ट नसेल तर सुरुवात तिथून. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, अपॉइंटमेंट पुण्यात मुंढव्याच्या सेवा केंद्राची घेता येते. पोलीस पडताळणी आपल्या तालुक्यात होते. आधार आणि इतर कागदांवरचं नाव जुळतंय का ते आधी बघा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागत नव्हता. पण हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघाच. १ मे २०२५ पासून डिजिटल ॲरायव्हल कार्ड मात्र भरावं लागतं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, फुकट. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा.

आमचा दोघांचा, पाच रात्रींचा खर्च असा झाला. मुंबईहून जाऊन-येऊन विमान ३८ हजार. हॉटेल १५ हजार, जेवण १५ हजार, तिथला प्रवास ६ हजार, बघण्याची तिकिटं ६ हजार, विमा आणि सिम ३ हजार, घरापासून मुंबई विमानतळ जाऊन-येऊन २ हजार. एकूण ८५ हजार. एक बाथ तेव्हा पावणेतीन रुपयांच्या आसपास होता, पण मी सगळीकडे तीनने गुणलं. मनात हिशेब सोपा होतो आणि शेवटी चार पैसे उरतात. दौंडकरांना एक फायदा आहे, जंक्शन असल्यामुळे रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठता येते. आम्हा शिरूरकरांना आधी सत्तर किलोमीटर पुणे!

पॅकेज का नाही घेतलं? पॅकेज वाईट नसतं. वयस्कर आई-वडील सोबत असतील तर मीही घेईन. पण त्यात पहिल्या रुपयापासून टीसीएस कापला जातो (रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो), आणि बाजारासाठी दिलेला वेळ ठरावीक दुकानांतच जातो.

राहायला आम्ही प्रतुनाम भाग निवडला. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकने राचप्रारोप स्टेशनला उतरलं की प्रतुनाम जवळ. प्लॅटिनम फॅशन मॉल तिथेच, आणि खाली सेनसेप कालव्याची बोट. त्या बोटीने थोडक्या बाथमध्ये जुन्या शहराजवळ पोचता येतं, ट्रॅफिकचा प्रश्नच नाही. ग्रँड पॅलेसचं तिकीट ५०० बाथ, वाट फोचं ३००, वाट अरुणचं २००. सकाळी साडेआठला पॅलेसच्या दारात उभे राहा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दाराबाहेर कुणी गोड बोलून "आज पॅलेस बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणाला तर थेट तिकीट खिडकीपर्यंत जा. तो तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेणार असतो. वाट फोमधली निजलेल्या बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आहे. माझी बायको तिच्या पायांपाशी पाच मिनिटं नुसती उभी होती. समोरच्या वाट अरुणला फेरीबोटीने नदी ओलांडायची.

एक दिवस आम्ही आयुथयाला काढला. १३५१ ते १७६७ ही सयामची राजधानी. साध्या थर्ड क्लास गाडीचं तिकीट वीस बाथच्या आसपास, खिडक्या उघड्या, आणि डब्यात खाऊ विकणारे. दौंडच्या माणसाला घरच्यासारखं वाटेल.

शाकाहारी लोकांनी भाजीतही फिश सॉस असतो हे गृहीत धरा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' अशी खूण असते, ती ओळखायला शिका. नाहीतर फाहुरातला जा, तिथे भारतीय वस्ती आहे, मोठा गुरुद्वारा आहे.

पैशांचं थोडक्यात : एटीएममधून परदेशी कार्डाने काढताना दर वेळी २२० बाथ फी लागली, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. कार्ड मशीनने "रुपये की बाथ?" विचारलं तर बाथ निवडा. रुपये निवडले की मशीनवाला स्वतःचा दर लावतो.

आता दुकानाची वही. या वेळी त्यात खरेदीचं बजेट लिहिलं शून्य. फक्त बघायचं आणि टिपायचं.

प्लॅटिनममध्ये बऱ्याच गाळ्यांवर भावाच्या दोन ओळी असतात : एक नग घेतला तर इतके, तीन घेतले तर प्रत्येकी इतके. भाषा येत नाही तरी व्यवहार होतो, घासाघीस जवळपास नाही. संपेंग लेनमध्ये डझनाचे भाव, अरुंद गल्ली, हातगाड्या, अगदी बोहरी आळी. चतुचक शनिवार-रविवारी भरतो, तिथे माल कसा मांडलाय ते बघण्यात माझा अख्खा दिवस गेला. परत आल्यावर मी माझ्या हेअर ॲक्सेसरीजच्या रॅकवर तशीच पाटी लावली, "१ नग ४० रु. / ३ नग १०० रु." आता तिथे भाव करायला कुणी थांबत नाही, आणि कॉलेजच्या मुली तिघी मिळून तीन घेतात. मला ट्रिपमधून दुकानासाठी मिळालं ते हे. त्यावर ड्युटी लागत नाही!

घरासाठी खरेदी जरूर करा. 'व्हॅट रिफंड' पाटी असलेल्या दुकानात एका दिवशी २ हजार बाथच्या वर खरेदी झाली तर तिथेच फॉर्म मागा, आणि विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी कस्टम्सला दाखवा. बुद्धमूर्ती मात्र आठवण म्हणून उचलू नका, परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत. नकली ब्रँडच्या पर्सही नकोत. दुकानात विकल्यात तर ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे.

एवढं सगळं ऐकूनही एखादी वस्तू खरंच चालेल असं वाटलं तर? एक-दोन नग सॅम्पल आणा, दुकानदाराचं कार्ड घ्या. परत येऊन दोन महिने गिऱ्हाइकाला दाखवा. मागणी दिसली तर डीजीएफटीकडून आयात-निर्यात कोड काढा, फी ५०० रुपये. मग माल कार्गोने, बिल ऑफ एंट्री करून मागवा. त्यावर भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, बॅगेतून आणलेल्यावर मिळत नाही. खेळण्यांना बीआयएस लागतं, कॉस्मेटिक्सला वेगळी नोंदणी लागते, हे आधी तपासा. आणि दोन-चार कार्टनसाठी एजंटचा खर्च परवडत नाही, हेही लक्षात घ्या.

त्या ताईंना मी वर्गातच फळ्यावर हा हिशेब मांडून दाखवला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सर, फिरायला जायचं तर फिरायलाच जायचं." पासपोर्टची अपॉइंटमेंट त्यांनी घेतलीय. तारीख आषाढातलीच धरलीय, शाळा सुरू झाल्यावरची, कारण जूनमध्ये त्यांचं दुकान गणवेशांमुळे चालतं.